जन्माचे सार्थक कोणी करावयाचे?

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. चकलीचा तुकडा मोडीत ते म्हणाले, "गुरुजी, पोराचा मेडिकलला नंबर लागला, की आमच्या जन्माचे सार्थक झाले!" पोरगा समोरच बसला होता. लातुरास खोली घेऊन तो 'नीट'ची तयारी करीत होता. चार दिवसांपुरता घरी आला होता. त्याने बशी खाली ठेवली आणि मुकाट्याने आत निघून गेला.

स्नेह्यांच्या त्या वाक्याशी माझे भांडण आहे.

त्यांची बाजू मी जाणत नाही, असे नव्हे. 2016 साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात ज्याने कोरडवाहू जमिनीवर आयुष्य काढले, तो लेकराला डॉक्टर करू पाहतो, यात हाव नाही, भय आहे. 'लातूर पॅटर्न'ने खेड्यापाड्यांतील मुले पुढे आणली, याचा मलाही अभिमान आहे. मुलाने शिकावे, पोटाला लागावे. पण पोटाची सोय निराळी आणि जन्माचे सार्थक निराळे!

आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरला एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले. ते शाळेत मास्तर झाले, पुढे पदव्या मिळवल्या, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. तरी लोकांचे 'गुरुजी'च राहिले. ज्यांच्या घरी 'श्रीमान योगी' आहे, त्यांनी तिला जोडलेले त्यांचे विवेचन वाचले असेलच. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यासपीठावरच त्यांनी प्राण सोडला. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. आता सांगा, इंटरला नापास झाले तेव्हा त्यांचा जन्म फुकट गेला होता, आणि प्राचार्यपदाची खुर्ची मिळाली तेव्हा तो सार्थकी लागला, असे म्हणावयाचे काय? स्वतः विचार करावा आणि दुसऱ्याला करावयास लावावे, हे त्यांचे काम खुर्चीवर अवलंबून नव्हते.

कोणी म्हणेल, सगळेच कुरुंदकर होत नाहीत. कबूल! सगळेच डॉक्टरही होत नाहीत. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांनी घरावर माडी चढली नाही. पण अडखळत वाचणारे एखादे पोर वर्षाअखेर धडा घडाघडा वाचू लागते, तेव्हा आपण फुकट जगलो, असे मला वाटत नाही. आपले काम आपल्याला गोड वाटावे आणि त्यावाचून कोणाचे तरी अडावे, एवढे ज्याला लाभले, त्याला आणखी काय हवे?

आणि बापाने आपल्या जन्माची हुंडी पोराच्या नावावर का काढावी? ती वटली नाही, तर सतरा वर्षांच्या पोराने तोंड कोठे लपवावे?

निघताना आत डोकावलो. धाकट्या बहिणीचा फाटलेला आकाशकंदील तो खळीने चिकटवीत होता. ती शेजारी बसून हुकूम सोडीत होती आणि तो हसत होता. मी स्नेह्यांना हळूच म्हणालो, "जरा इकडे येऊन बघा. नंबर लागो न लागो, हे पोर तुमचेच आहे. एवढे आजच त्याला सांगून टाका."