पडद्यावरची गोळी कोणाला लागते?

आम्ही व्यवसायाने वकील आहोत. तरीही रहस्यकथा आणि मारधाडीचे सिनेमे हा आमचा जुना शौक आहे, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही. शाळकरी वयात भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आमच्या घरी यायचे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने गिरणी कामगारापासून कारकुनापर्यंत कित्येकांना वाचनाची गोडी लावली. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास वाचूनच काळ्या कोटाचे आकर्षण आम्हाला वाटू लागले. तेव्हा या साहित्याला हलके म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला दोन घटका थरार हवा असेल तर त्यात गैर काय?

परंतु मागच्या महिन्यात एक प्रसंग घडला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आमच्या वस्तीतली चार-पाच पोरे मोबाईलवर हिंदीत डब केलेला दाक्षिणात्य सिनेमा बघत होती. नायक पोलीस अधिकारी. त्याने गुंडाला भर रस्त्यात गोळी घातली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यातला एक आम्हाला म्हणाला, “वकीलसाहेब, असाच साहेब पाहिजे. कोर्टकचेरी पाहिजे कशाला?” आम्ही गप्प राहिलो. कारण याच पोराच्या थोरल्या भावाला गेल्या वर्षी नुसत्या संशयावरून रात्रभर ठाण्यात बसवून ठेवले होते. तेव्हा मध्यरात्री आमच्या दारावर थाप मारणारा हाच पोरगा होता. त्या रात्री त्याला कायदा हवा होता, पडद्यासमोर मात्र तो नको झाला!

हा दोष एकट्या पोराचा नाही. ‘अब तक छप्पन’ २००४ साली आला, ‘सिंघम’ २०११ साली आला. नायक खाकी वर्दीतला, खटला नाही, साक्ष नाही, पुरावा नाही; थेट निकाल. आम्हीही ‘सिंघम’ बघितला आणि टाळ्या वाजवल्या. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अशा सिनेमांतून घातक संदेश जातो, असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा आम्हाला आमच्या त्या टाळ्या आठवल्या.

सिनेमातली एक मेख लक्षात घेतली पाहिजे. तिथे गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात ठाऊक असते. दिग्दर्शकाने ते दाखवलेले असते. खऱ्या आयुष्यात ते कोणी दाखवत नाही. तिथे असतो फक्त संशय, आणि या देशात संशयाला जात असते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मलेल्या पोरालाच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण नजर गेली नाही. तुरुंगात जातीवरून कामे वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द करावे लागले. मग गोळी आधी आणि चौकशी नंतर, असा न्याय सुरू झाला तर पहिली गोळी कोणत्या वस्तीत येईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

लांब कशाला जायचे? आपल्याच सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये लुटीच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. आरोपी पळून गेला, असे आधी सांगण्यात आले. नंतर मारहाणीत मृत्यू झाल्याचे आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे आरोप पुढे आले, आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. हे कोणत्या थरारपटापेक्षा कमी आहे? २०२१ साली आलेल्या ‘जय भीम’ या तमिळ सिनेमातही कोठडीत मेलेल्या आदिवासी माणसाबद्दल पोलीस हेच सांगतात, की तो पळून गेला. तो सिनेमा १९९३ सालच्या खऱ्या घटनेवर आधारलेला आहे. तिथला नायक वकील आहे. तो बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करतो, साक्षीदार शोधतो, उलटतपासणी घेतो. त्यात थरार कमी आहे, असे म्हणण्याची कोणाची हिंमत आहे?

२०१९ साली हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये जाहीर झाला. चकमकीची हकिगत आयोगाने मान्य केली नाही आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. फुले उधळणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो अहवाल वाचला असेल?

यावर आमचेच काही कार्यकर्ते विचारतात, “कायद्याने आम्हाला काय दिले? खैरलांजीत काय झाले?” प्रश्न खरा आहे. २००६ सालच्या त्या हत्याकांडात अॅट्रॉसिटी कायद्याखाली दोष सिद्ध झाला नाही. २०१० साली उच्च न्यायालयात फाशी जाऊन पंचवीस वर्षांची कैद आली. ती जखम आम्हीही बाळगून आहोत. न्याय उशिरा मिळतो, अपुरा मिळतो, म्हणूनच पडद्यावरची झटपट गोळी गोड लागते. परंतु ज्या यंत्रणेने नीट तपास केला नाही तिच्याच हाती खटल्याशिवाय मारण्याचा अधिकार द्यायचा, हे कोणते शहाणपण? चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा हक्क बाबासाहेबांच्या संविधानातल्या बाविसाव्या कलमात आहे. ही आपली ढाल आहे. ती आपणच टाकून द्यायची काय?

मग थरार सोडायचा का? मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली. त्या कादंबरीत घोडदौड आहे, लूट आहे, पाठलाग आहे. एका बैठकीत वाचून संपावी अशी ती आहे. फरक इतकाच, की तिथे बंदूक सरकारच्या हाती आहे आणि नायक ज्याला सरकारने गुन्हेगार ठरवले तो आहे. तो दुष्काळात धान्य लुटतो ते उपाशी माणसांसाठी, आणि शेवटी स्वतःला हवाली करतो तेही आपल्या माणसांच्या सुटकेसाठी. त्यावर सिनेमाही निघाला. आज आमच्या किती पोरांनी ‘फकिरा’ वाचली आहे?

म्हणून कुपवाड, मिरज, सांगलीतल्या विहारांना आणि तरुण मंडळांना आमची विनंती आहे. रविवारी पोरांना सिनेमा जरूर दाखवा. पण सिनेमा संपल्यावर अर्धा तास बसवा आणि एकच प्रश्न विचारा : ज्याला गोळी लागली त्याच्या जागी तुझा भाऊ असता तर? टपरीवरच्या त्या पोराला आम्ही ‘फकिरा’ची प्रत दिली आहे. निम्मी वाचून झाल्याचे त्याने परवा सांगितले. पूर्ण झाली की तोच प्रश्न आम्ही त्यालाही विचारणार आहोत.