चलनाची पावती आणि विम्याचा हप्ता



गळीत हंगाम संपून वाहतुकीची बिले निघाली, की एकच सूर कानी येतो : "भाडं मिळालं, पण चलनानं खाल्लं." चलन हल्ली मोबाईलवर येते. नंबर जुना असेल तर मालकाला पत्ताही नसतो. दंड गाडीच्या नावावर साचतो आणि गाडी विकायला काढली की समोर उभा राहतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. खेपा वाचवायच्या नादात दोन ट्रॉल्या वाढ्यांपर्यंत भरायच्या, मागे रिफ्लेक्टर नाही, टेपवरचे गाणे मात्र दोन गावांना ऐकू जाईल एवढे! मग दंडाच्या नावाने बोटे मोडायची.

पुष्कळ जण विचारतात, की चलनाने विम्याचा हप्ता वाढतो काय? सक्तीचा जो त्रयस्थ पक्षाचा विमा, त्याचा दर सरकार ठरवते, तोही वाहनाच्या प्रकारावर. चालक सरळ आहे की बेफाम, हे तिथे कोणी विचारत नाही. स्वतःच्या जीपचा पूर्ण विमा असेल, तर दावा न केल्याची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत मिळते. ती जाते दाव्याने, चलनाने नव्हे. तेव्हा बंपर चेपला म्हणून किरकोळ दावा करण्याआधी हिशेब करावा.

विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये सुचवले, की नियम मोडणाऱ्याला जादा हप्ता लावावा व आधी दिल्लीत करून पाहावे. मला हे तत्त्व पटते. स्वच्छ ऊस घालणाऱ्याला आणि पाचटासकट घालणाऱ्याला एकच भाव मिळाला की आपला जीव कसा जळतो! तसेच हे. पण भार मालकावर टाकणार असाल, तर आमच्याकडे चालक उचल घेऊन येतो आणि संक्रांतीला पळून जातो, त्याच्या बेफामपणाचा जादा हप्ता मालकाने वर्षभर का भरावा? दोष चालकाच्या परवान्यावरच चढला पाहिजे.

दंडापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. चालकाकडे परवाना नाही आणि मालकाने तो पाहण्यात कसूर केली असे सिद्ध झाले, तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालानंतर न्यायालये पुष्कळदा कंपनीला आधी जखमीला किंवा मृताच्या वारसाला पैसे द्यायला लावतात. मग कंपनी तेच पैसे मालकाकडून वसूल करते. रक्कम लाखांत असते. हप्ता वेळेवर भरूनही जमीन विकायची पाळी येते, ती इथे. मुकादमाचा भाचा 'चालवतो बरं का चांगला' म्हणून चावी देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

माझे म्हणणे असे, की वाहतूक करार करतानाच कारखान्याने चालकाचा परवाना व विम्याची मुदत तपासावी. पॉलिसी फक्त शेतीकामाची असून ट्रॅक्टर भाड्याने चालतो काय, हेही पाहावे. चालक बदलला तर नव्याचा परवाना शेतकी गटाच्या कार्यालयात दाखवल्याशिवाय पुढची खेप भरू नये. खोळंबा होईल, दोनचार सभासद रागावतील. येत्या वार्षिक सभेत हा विषय संचालक मंडळाने घ्यावा, एवढी विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद