धोकटीतला इतिहास
(एक विद्यार्थी, बी. ए. भाग २)

न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघणार, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. आमच्या घरात ती कोणी उच्चारीत नाही, कारण ती आमच्याच उकिरड्याविषयी आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी माळ्यावरची आजोबांची धोकटी खाली काढली, तेव्हा मात्र केसांखेरीज बरेच काही निघाले. त्याविषयी चार शब्द लिहावेत आणि एक सूचना प्राध्यापकांपुढे व मित्रांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धोकटी म्हणजे न्हाव्याची चामड्याची पिशवी. तिच्यात दोन वस्तरे होते, धार लावायची पथरी होती, वस्तरा पलाटायचा चामड्याचा पट्टा होता. कातर, नखे काढायची नऱ्हाणी, पितळेची वाटी आणि पारा उडालेला आरसाही होता. तळाशी एक चपटी, चकचकीत धातूची डबी सापडली. तिच्या एका झाकणाच्या आत दगड, दुसऱ्या झाकणाच्या आत चामडे आणि मध्ये एका धारेचे जाड पाते होते. दांडी पुढेमागे सरकवली की पाते आपोआप दगडावर किंवा चामड्यावर घासले जाई. डबीवर इंग्रजी अक्षरे होती : रोल्स रेझर.

आजीने सांगितले की गावच्या शाळेवरचे एक मास्तर बदली होऊन जाताना ही डबी आजोबांना देऊन गेले. आजोबांनी ती एकदाही वापरली नाही. “माह्या पोटावर पाय देनारं मशीन,” असे ते तिला म्हणत. तरीही त्यांनी ती फेकली नाही, हे विशेष.

मला उत्सुकता वाटली, म्हणून मोबाईलवर आणि ग्रंथालयात शोध घेतला. जगात अशी जुनी दाढीची मशीन जमविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत असे समजले. त्यांतही एका धारेच्या ब्लेडच्या मशीनचा एक वेगळा वर्ग ते मानतात. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० साली पेटंट घेतलेले ‘स्टार’ हे या वर्गातले सुरुवातीचे मशीन. त्यानंतर ‘जेम’, ‘एव्हर-रेडी’, ‘व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप’ आणि इंग्लंडचे ‘रोल्स’ असे अनेक प्रकार निघाले. दुधारी, पातळ, वापरून फेकून द्यायच्या ब्लेडचे मशीन जिलेट यांनी विक्रीस आणले ते १९०३ साली, आणि त्या पहिल्या वर्षात त्यांची फक्त ५१ मशीन खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना लाखोंनी मशीन दिली गेली आणि घरच्या घरी दाढी करण्याची सवय जगभर पसरली. रोल्स कंपनी मात्र शेवटी धुलाई यंत्रांच्या धंद्यात शिरली आणि १९६४ साली बुडाली.

या हौशी लोकांच्या याद्या पाहून मला खरोखर कौतुक वाटले. कंपनी, देश, पेटंटचे साल, धातूचा मुलामा, डबीचा प्रकार असे सर्व रकाने त्यांत व्यवस्थित भरलेले असतात. मीही एका वहीत तसेच रकाने आखले. मास्तरांच्या डबीची नोंद झटकन झाली. मग आजोबांचा वस्तरा हातात घेतला आणि पहिल्याच रकान्यात अडलो. कंपनी कोणती? तो लोहाराने घडविलेला. साल? आजीला आठवत नाही. पेटंट? मुळीच नाही. घासून घासून त्याचे पाते करंगळीएवढे अरुंद झाले आहे. या वस्तऱ्यावर आमच्या घराच्या तीन पिढ्या जगल्या, खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्याच्या ज्वारीवर आजोबांनी माझ्या वडिलांना सातवीपर्यंत शिकविले, आणि वहीत त्याच्या नावापुढे नुसत्या रेघा!

तेव्हा माझ्या मनात आले की चूक वस्तऱ्याची नाही, रकान्यांची आहे. वस्तू कोणत्या कारखान्यात झाली एवढेच विचारले, तर ज्यांच्याकडे कारखाने होते त्यांचाच इतिहास लिहिला जाणार. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. पोटाचा धंदा असूनही त्यांनी वस्तरा खाली ठेवला. महाराष्ट्राच्या इतिहासात वस्तऱ्याने केलेले याहून मोठे काम मला ठाऊक नाही. ते वस्तरे कोणत्या कंपनीचे होते, हे विचारण्यात काय अर्थ आहे?

येथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर लेख छान झाला असता आणि माझी छातीही फुगली असती. पण वहीत मी ‘कोणासाठी वापरला’ असा एक नवा रकाना घातला होता. तो भरण्यासाठी आजीला विचारले, “आबा गावात सगळ्यायचीच दाढी करत होते ना?” आजी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “सगळ्यायची कशी? खालच्या वस्तीतल्यायची करे नाही. गावच करू दे नाही. केली असती तर बाकीच्यायनं बोलावलं नसतं.”

मला फार वाईट वाटले. पहिल्या वर्षाला असताना आजोबांचा धंदा मी वसतिगृहात कोणाला सांगितला नव्हता. कोणी गमतीने “हजामत” हा शब्द वापरला तरी माझे कान गरम होत. आपण खालचे ठरविले गेलो याचे दुःख मला माहीत होते. आपल्याच धोकटीने आणखी कोणाला खालचे ठरविले, हे मात्र मला माहीत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या आठवणींत लिहिले आहे की साताऱ्यात न्हावी पुष्कळ असूनही या भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण घरीच कापीत असे. पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर न्हावी त्यांना हात लावीत नसे म्हणून. हा मजकूर मी पहिल्या वर्षालाच वाचला होता. वाचताना तो न्हावी मला दूरचा कोणीतरी वाटला होता.

आता मास्तरांच्या त्या डबीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. आजोबांना ती पोटावर पाय देणारी वाटली, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. पण ज्या माणसाला गावचा न्हावी शिवत नव्हता, त्याच्या हातात काही पैशांचे ब्लेड आणि स्वस्त मशीन आले असेल, तेव्हा त्याला कोणाच्याही दारात उभे न राहता आपली दाढी आपण करता आली असेल. एकाच वस्तूने एकाचे बलुते घेतले आणि दुसऱ्याची लाचारी घेतली. कंपनीच्या नावावरून हे कधीच कळणार नाही.

माझ्या वडिलांचे आज तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ छोटे सलून आहे. तिथे एकच खुर्ची असून तिच्यावर कोणीही येऊन बसतो. १९८६ साली आपल्या देशात एड्सचे पहिले रुग्ण सापडले, आणि त्यानंतरच्या काळात दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड ही रीत रूढ झाली. वडील दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतात आणि अर्धे ब्लेड वस्तऱ्याच्या दांडीत बसवितात. म्हणजे दुधारीचे पुन्हा एका धारेचेच होते! हौशी लोकांच्या याद्यांत मला हे अर्धे ब्लेड कोठे दिसले नाही. आपल्या जिल्ह्यात मात्र रोज सकाळी हजारो गालांवरून तेच फिरते.

माझी सूचना अशी की आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने एक रजिस्टर सुरू करावे. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा अशा तालुक्यांतून आपण मुले येतो. प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका जुन्या अवजाराची नोंद त्यात करावी. कंपनीचा रकाना जरूर असावा, पण त्याच्या शेजारी आणखी चार रकाने हवेत : कोणाच्या हातात होते, कोणासाठी वापरले, मोबदला काय मिळाला, आणि कोणाला नाकारले. शेवटचा रकाना भरताना हात जड होईल, हे मी अनुभवाने सांगतो.

कोणी म्हणेल, ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आणि लोणार आहे तिथे वस्तऱ्यांचा कसला इतिहास? त्यांनी पुण्याचे केळकर संग्रहालय आठवावे. दिनकर गंगाधर केळकरांनी उभ्या आयुष्यात दिवे, अडकित्ते, वज्री अशा घरगुती वस्तू जमविल्या आणि तो सारा संग्रह शासनाच्या हाती दिला. त्यांच्याइतके मोठे काम आपल्याला जमणार नाही. पण एक पाचशे पानी रजिस्टर आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी दोन तास बोलणे, एवढे तर जमेल? धोकटी माळ्यावर आणखी पन्नास वर्षे टिकेल. तिची हकिकत सांगणारी आजी तेवढी टिकणार नाही.

पहिली नोंद मी केली आहे. पाचही रकाने भरले आहेत, आणि शेवटच्या रकान्यात आजीचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. वडिलांना वाचून दाखविले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “राहू दे तसंच. खोडू नको.”