'विश्वास ठेव' म्हणण्याआधी

आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत "विश्वास ठेव, सगळे ठीक होईल" हे वाक्य "जय ख्रिस्त" इतकेच सहज तोंडात येते. आजाऱ्याला भेटायला गेले की ते म्हणायचे, परीक्षेला निघालेल्या मुलाला म्हणायचे, नोकरी गेलेल्यालाही तेच म्हणायचे. मीही म्हणत आलो. पण गेल्या वर्षी या वाक्याची मला लाज वाटावी असा एक प्रसंग घडला. तेव्हापासून धीर देणे म्हणजे नेमके काय, याचा मी विचार करतो आहे. तोच आपणापुढे मांडतो.

आमच्या वर्गात खानापूर तालुक्यातील एक मित्र होता. पहाटेची बस धरून यायचा. वडील अंथरुणाला खिळले, शेतीचे काम याच्या अंगावर आले, फी थकली. कँटीनमागच्या पायऱ्यांवर बसून त्याने मला विचारले, "कॉलेज सोडू का रे?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ते नेहमीचे वाक्य म्हटले, "तुझ्यासाठी प्रार्थना करीन" असेही सांगितले, आणि नाताळच्या गाण्यांच्या सरावाला उशीर होतो म्हणून उठलो. खरे सांगायचे तर त्या रात्री मी प्रार्थनाही विसरलो. पंधरा दिवसांनी सरांनी हजेरी घेतली तेव्हा त्याच्या नावाला कोणी 'हजर' म्हटले नाही.

पुढे कळले की आमच्याच वर्गातील एक कन्नड भाषिक मित्र दोन रविवार त्याच्या गावी जाऊन आला होता. सोबत वह्या नेल्या होत्या, एक दिवस त्याच्याबरोबर शेतातही राबला होता. मी विचारले, "तू त्याला काय सांगितलेस?" तो म्हणाला, "काय सांगणार? हेदरब्याड म्हटले." हेदरब्याड, म्हणजे भिऊ नको. तो ख्रिस्ती नाही. त्याने देवाचे नावही घेतले नव्हते. पण पवित्र शास्त्रात देवदूत पुन्हापुन्हा जे सांगतात, तेच त्याने सांगितले होते, आणि तेही बसचे तिकीट काढून!

त्यानंतर मी 'प्रेषितांची कृत्ये' पुन्हा वाचायला घेतले. त्यात कुप्र बेटावरचा योसेफ नावाचा एक मनुष्य आहे. प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले. मराठी शास्त्रात त्याचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिला आहे, पण मूळ ग्रीक शब्दात उपदेश, सांत्वन आणि धीर असे तिन्ही अर्थ आहेत. गंमत अशी की, एवढे नाव मिळालेल्या या माणसाची आपल्याला प्रथम ओळख होते ती भाषणाने नव्हे. त्याने आपले शेत विकले आणि पैसे गरजूंसाठी आणून दिले.

पुढे शौल, म्हणजेच नंतरचा पौल, यरुशलेमास आला. काल छळ करणारा मनुष्य आज शिष्य म्हणवतो, यावर कोणाचाच विश्वास बसेना. सगळे त्याला भीत होते. तेव्हा बर्णबा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्यासाठी त्याने शब्द टाकला. शौल दगाबाज निघाला असता तर बर्णबाचीही पत गेली असती. पुढे तरुण मार्क अर्ध्या वाटेवरून घरी परतला. त्याला पुन्हा सोबत न्यायला पौल तयार होईना. मार्कासाठी बर्णबाने प्रत्यक्ष पौलाशी वाद घातला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कालांतराने लिहिलेल्या एका पत्रात मात्र तोच मार्क उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, अशी मागणी आढळते.

आपल्या भाषेत 'शब्द टाकणे' आणि 'शब्दाला जागणे' असे दोन फार चांगले वाक्प्रचार आहेत. माझ्या मते धीर देणे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. नुसते बोलणे म्हणजे धीर नव्हे. याकोबाच्या पत्रातही हाच टोला आहे. उघड्या, उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास त्यात निर्जीव ठरवला आहे.

कोणी म्हणेल, आम्हा विद्यार्थ्यांजवळ विकायला शेत कुठे आहे? खरे आहे. पण वही आहे, रविवारची दुपार आहे, कार्यालयात सोबत जाऊन अर्ज भरून देण्याइतकी अक्कल आहे. शिवाय खरे बोलण्याचे धैर्य आहे. "सगळे ठीक होईल" हे मला ठाऊक नसते, मग मी ते का म्हणावे? अब्राहाम निघाला तेव्हा कुठे जायचे हे त्याला माहीत नव्हते. विश्वास म्हणजे शेवट ठाऊक असणे नव्हे, शेवट ठाऊक नसताना सोबत चालणे होय.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळातले दुःख, राग, वियोग यांतले काहीच त्या लपवीत नाहीत, टिळकांचा तापट स्वभावही नाही. म्हणूनच त्यांचा विश्वास वाचकाला खरा वाटतो आणि त्यातून धीर मिळतो. गोड करून सांगितले असते तर मिळाला नसता.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. ख्रिस्ती मुलगा धीर द्यायला आला की काहींच्या मनात येते, हा आता धर्माचे सांगणार. ही शंका दूर करणे माझ्या हातात आहे. मदतीला अट नसावी. पेत्राच्या पत्रात, जो विचारील त्याला आपल्या आशेचे कारण सौम्यतेने सांगण्यास तयार असावे, असे म्हटले आहे. कोणी विचारले तर मी जरूर सांगेन. न विचारता सांगण्यासाठी आपल्याकडे वह्या आणि हातपाय आहेतच.

आमचा मित्र आता उद्यमबागेतील एका कारखान्यात कामाला आहे. राहिलेल्या विषयांची परीक्षा देईन म्हणतो. देईल का, उत्तीर्ण होईल का, मला ठाऊक नाही. रविवारची उपासना आटोपली की मी आणि तो कन्नड मित्र त्याच्या खोलीवर जातो. परवा त्याने हसून विचारले, "काय रे, प्रार्थना करतोस का अजून?" मी म्हटले, "करतो. आता विसरत नाही." मग आम्ही पुस्तक उघडले.