बंदूक कुठली ते नंतर, ती राहणार कुठे ते आधी ठरवा

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आई-बाबांना आणि सहा महिन्यांसाठी लेकीकडे, मुलाकडे आलेल्या आजी-आजोबांनाही ही कळकळीची विनंती आहे. थँक्सगिव्हिंग तोंडावर आलं आहे. ब्लॅक फ्रायडेला टीव्ही-लॅपटॉपच्या बरोबरीने बंदुकांवरही सूट लागते. नाताळला मुलाच्या हाती त्याची पहिली रायफल देण्याची रीत या देशातल्या कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे, आणि आता ती आपल्याही घरांत डोकावू लागली आहे. मुलगा मित्राच्या बाबांबरोबर रेंजवर जाऊन आलेला असतो, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकलेलं सगळ्यांनी कौतुकाने पाहिलेलं असतं, आणि मग कुणीतरी विचारतं की आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी पहिली बंदूक कुठली घ्यावी, त्यातल्या त्यात सुरक्षित कुठली.

या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळणार नाही. यंदाच्या सुट्टीत मुलाच्या नावाने बंदूक घरी आणू नका. त्याला शिकायचंच असेल तर क्लबात शिकू द्या आणि बंदूक क्लबातच राहू द्या. घरात आधीपासून असेल तर आज रात्री ती कुलपात गेली पाहिजे. आणि मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाण्याआधी त्या घरात बंदूक आहे का, हे तोंड उघडून विचारा.

केंटकी राज्यात बर्क्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. 30 एप्रिल 2013 रोजी तिथे पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल त्याची स्वतःची होती, त्याला भेट मिळालेली. ‘क्रिकेट’ नावाची ही रायफल खास लहान मुलांसाठी बनते, ‘माझी पहिली रायफल’ अशीच तिची जाहिरात असते, आणि ती गुलाबी-निळ्या रंगांतही मिळते. रायफल घराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती. आत एक काडतूस राहिलंय हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. आई क्षणभर घराबाहेर गेली, तेवढ्यात हे घडलं.

ही रायफल निवडीच्या दृष्टीने अगदी ‘बरोबर’ होती, म्हणूनच ही घटना मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. पहिल्या बंदुकीबद्दल जाणकार जो सल्ला देतात तो सगळा तिच्यात उतरलेला आहे: एका वेळी एकच गोळी, .22ची हलकी काडतुसं, दस्ता मुलाच्या हाताच्या मापाचा, वजन कमी, प्रत्येक वेळी हाताने खटका ओढल्याशिवाय न उडणारी. मुलासाठी याहून सौम्य खरी बंदूक दुकानदाराला दाखवता आली नसती. निवड चुकली नव्हती. बंदूक मुलाच्या हाताला लागेल अशी घरात होती, एवढंच चुकलं होतं.

यावर लगेच एक उत्तर येतं, ‘आम्ही मुलाला नीट शिकवलंय, तो हात लावणार नाही.’ अटलांटाच्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं, आणि त्यांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे दोघा-तिघांचे 29 गट करून त्यांना एकेका खोलीत खेळायला सोडलं. खोलीतल्या एका खणात खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. 21 गटांना ते सापडलं, 16 गटांनी हाताळलं, आणि 10 गटांत कुणीतरी चाप ओढला. ज्यांनी हात लावला त्यांच्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. मुलं वाईट नव्हती, आई-बापही निष्काळजी नव्हते. दहा वर्षांच्या मुलाचं कुतूहल उपदेशाने आवरत नाही, हे दिवाळीच्या फराळाचे डबे माळ्यावर लपवणाऱ्या प्रत्येक आईला माहीत आहे.

‘कुठे ठेवलंय ते त्याला माहीतच नाही’ यावरही भिस्त ठेवू नका. आपल्या आई-बाबांच्या गुप्त जागा मुलांना ठाऊक असतात.

देशभराची एकच गोष्ट सांगते, कारण ती पुरेशी आहे. 2020 साली अमेरिकेत 1 ते 19 वयोगटातल्या मृत्यूंमध्ये बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकून पहिला क्रमांक गाठला. यात खून आहेत, अपघात आहेत आणि आत्महत्याही आहेत. आपल्या समाजात या शेवटच्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलते. आठ वर्षांच्या मुलासाठी आणलेली रायफल तो पंधरा-सोळा वर्षांचा होईल तेव्हाही घरातच असणार. तेव्हा गणिताची परीक्षा असेल, कॉलेजचे नकार असतील, कुणीतरी दिलेली सोडचिठ्ठी असेल. जीव द्यावासा वाटण्याची लाट बहुतेकदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. औषधाच्या गोळ्या घेतलेलं मूल बऱ्याचदा वाचतं. बंदूक हाती लागली तर दहापैकी जवळजवळ नऊ वेळा वाचत नाही. मूल गप्प झालं असेल, जेवत-झोपत नसेल, तर घरातली बंदूक त्या दिवसांपुरती तरी घराबाहेर न्या, आणि 988 या आत्महत्या प्रतिबंधाच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.

मिशिगनमध्ये बऱ्याच मराठी घरांतली मुलं शाळेत जातात, त्यामुळे तिथल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचं नाव त्यांना वेगळं सांगायला नको. 2021च्या ब्लॅक फ्रायडेला एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलाला नाताळची आगाऊ भेट म्हणून पिस्तूल घेतलं. चौथ्या दिवशी, 30 नोव्हेंबरला, त्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना मारलं. 2024 मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारातल्या मृत्यूंसाठी आई-बाप मनुष्यवधाचे दोषी ठरण्याची या देशातली ती पहिली वेळ होती. बंदूक कुलपात न ठेवल्याबद्दलचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. तुमच्या राज्याचा कायदा काय म्हणतो ते वाचून घ्या.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्यापैकी अनेकांना लागू पडणारी एक गोष्ट. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांनी हौसेपायी स्वतःवर गुन्हा ओढवून घेऊ नये. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंसुद्धा यात येऊ शकतं. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

नेमबाजी हा उत्तम खेळ आहे, त्याला माझा विरोध नाही, उलट हट्टी आणि चंचल मुलं या खेळात शांत होताना दिसतात. पण स्वप्नीलचं नाव घेणाऱ्यांनी त्याची वाटही पाहावी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली नेमबाजीकडे वळला. भारतात एकवीस वर्षांखालच्या कुणाला बंदूक बाळगता येत नाही, शिकण्यापुरती सवलत आहे तीही नियमांत बांधलेली. तरी कोल्हापूरसारख्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील हे नेमबाज दिले. खेळ शिकायला घरात बंदूक असावीच लागते असं नाही.

अमेरिकेतही तशी सोय आहे. फोर-एच या संस्थेचे नेमबाजीचे वर्ग अनेक राज्यांत साधारण आठ वर्षांपासून सुरू होतात, शिकवणारे स्वयंसेवक प्रशिक्षित असतात, आणि बऱ्याच ठिकाणी बंदुका संस्थेच्याच असतात. तिथेच, प्रशिक्षकासमोर, दहा मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा. पुढे कॉलेजच्या संघात जायचं झालं तरी तिथे एअर रायफल आणि .22 हीच दोन हत्यारं असतात, आणि मुलं-मुली एकाच संघात खेळतात. मात्र छऱ्याची बंदूक म्हणजे खेळणं, असं समजू नका. छऱ्याने डोळा कायमचा जातो आणि क्वचित जीवही जातो. वेगवान छऱ्यांच्या बंदुका सोळा वर्षांखालच्यांना देऊ नयेत, असं इथली ग्राहक सुरक्षा यंत्रणाच सांगते.

क्लबही पारखून घ्या. 2014 मध्ये अॅरिझोनातल्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी ही धडाधड गोळ्या झाडणारी बंदूक दिली गेली. धक्क्याने नळी वर उडाली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षकच मेला. जिथे मुलाच्या हाती असलं काही दिलं जातं तिथून मुलाला घेऊन निघून या, पैसे परत मागत बसू नका. चांगल्या ठिकाणी डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण असल्याशिवाय रेषेपाशी जाऊ देत नाहीत, लहान मुलाला रायफल टेकवूनच नेम धरायला लावतात, आणि एका वेळी एकच गोळी देतात. बंदिस्त रेंजवर शिशाची धूळ असते, ती मुलांच्या अंगात लवकर भिनते. तिथे डबा उघडू नका, घरी आल्यावर आधी हात धुवून कपडे बदलायला लावा.

आता सगळ्यात अवघड भाग, विचारण्याचा. 2020 साली या देशात बंदूकविक्रीचा उच्चांक झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेणारे त्यात पुष्कळ होते. ‘आपल्या लोकांत कुणाकडे नसते’ हे गृहीत धरू नका. आपण मुलाची शेंगदाण्याची अॅलर्जी सांगतो, कुत्रा चावतो का विचारतो, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का पाहतो, मग बंदुकीलाच घसा का कोरडा पडतो? बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटनाही पालकांना हेच सांगते, की हा प्रश्न बाकीच्या प्रश्नांच्या रांगेतच विचारा. भीड भिकेची बहीण. “वहिनी, मुलं खाली बेसमेंटमध्ये खेळणार आहेत ना? एक विचारते, राग मानू नका, घरात गन आहे का? असेल तर कुलपात असते ना?” इतकंच पुरे. उत्तर गुळमुळीत आलं तर मुलांना आपल्याकडे बोलवा, मोदकाचं नाहीतर पिझ्झाचं आमिष दाखवा. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही राग मानू नका.

घरात बंदूक असलीच तर ती रिकामी करून कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. नाइटस्टँडचा खण किंवा बाथरूममधलं कपाट म्हणजे कुलूप नव्हे. तिजोरीचा आकडा मुलाची जन्मतारीख असेल तर आजच बदला, कारण तो पहिल्यांदा तीच दाबून पाहणार. किल्ली आजी-आजोबांच्या खोलीत ‘सुरक्षित’ म्हणून ठेवू नका. त्या खोलीत नातवंडांचा मुक्काम असतो.

बंदुकीच्या आतून ओवायची केबलची कुलपं अनेक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतात, बहुतेकदा नाव-गाव विचारत नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकर्त्यांनी या आठवड्यात आपल्या गावच्या पोलिसांना फोन करून खोकंभर मागवावीत, आणि मराठी शाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांना दिसतील अशी हजेरीच्या टेबलावर ठेवावीत. उचलणाऱ्याला काही विचारू नका. संपली तर आणखी मागवा.