ममदानींचं स्टेटस ठेवलंत, आता आपल्या महापौराबद्दल बोलू

५ नोव्हेंबर २०२५. सकाळी ऑफिसला निघेपर्यंत आमच्या रहाटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच माणसाचे फोटो आले होते. झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले होते. प्रत्येकाच्या स्टेटसला माशाअल्लाह. मीही ठेवलं, खोटं कशाला बोलू?

दुपारी जेवताना मी ग्रुपवर विचारलं, "आपल्या पिंपरी-चिंचवडचा महापौर कोण?" बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग एकानं माई ढोरे यांचं नाव टाकलं. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. त्या दिवशीचं बरोबर उत्तर होतं, "कोणीच नाही." साडेतीन वर्षांहून जास्त काळ आपल्या शहराला महापौर नव्हता, एकही नगरसेवक नव्हता, आणि आपल्याला न्यूयॉर्कच्या बसभाड्याची काळजी होती.

हा टोमणा मी आधी स्वतःला मारतोय. पण प्रश्न टोमण्यावर संपत नाही.

१३ मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात महापालिकेचे आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव त्यांचा, मंजुरीही त्यांची. याच काळात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, कुदळवाडी-चिखलीत हजारो शेड, गोदामं, भंगाराची दुकानं पाडली गेली. त्यात आपले लोक किती होते ते तुम्हाला माहीत आहे. बांधकामं अधिकृत की अनधिकृत, हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. माझा प्रश्न साधा आहे: ज्याच्या दारात जाऊन "साहेब, आम्हाला तुम्हीच उत्तर द्यायचं" असं म्हणता येईल, असा मतांवर निवडून आलेला एक तरी माणूस तेव्हा महापालिकेत होता का? नव्हता. मे २०२५ मध्ये शहराचा प्रारूप विकास आराखडा आला, त्यावर हजारो हरकती गेल्या. तेव्हाही सभागृह रिकामंच होतं. संविधानाचं कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत ५ वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागांची पुनर्रचना, कोर्टाच्या तारखा यांत तो नियम गुंडाळून ठेवला गेला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली, तेव्हा १५ जानेवारी २०२६ ला आपण मत दिलं.

आता कोणी म्हणेल, झाली ना निवडणूक, संपला विषय. नाही संपला. त्या दिवशी तुम्ही चार बटणं दाबली, चार नगरसेवकांसाठी. महापौरासाठी पाचवं बटण होतं का? महापौर नगरसेवक निवडतात, आपल्यातूनच. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, ते मुंबईत सोडतीनं ठरतं. नाव पक्षाचे नेते ठरवतात आणि व्हीप निघतो. मुदत अडीच वर्षं. एवढं करून मिळतं काय? सभागृहाचं अध्यक्षपद, गाडी आणि उद्घाटनाची फीत. कारभार चालवायचा अधिकार आयुक्तांकडे आणि खर्चाच्या किल्ल्या बऱ्याच अंशी १६ जणांच्या स्थायी समितीकडे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर महापौराला लॉगिन आहे, परमिशन नाही. शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा महापौर होता, सभागृहही होतं. तरी आमच्या सोसायटीला टँकरवाल्याचाच नंबर पाठ करावा लागला.

अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या शहरांत हे वेगळं आहे. न्यूयॉर्कची निवडणूक पक्षाच्या नावावर होते. पण शिकागो, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन इथं महापौराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. लोक थेट मत देतात. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. २०२३ मध्ये शिकागोत नऊ उमेदवार होते. विद्यमान महापौर लोरी लाइटफूट पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या आणि दुसऱ्या फेरीत ब्रँडन जॉन्सन जिंकले. काम आवडलं नाही, लोकांनी घरी बसवलं. मध्ये ना व्हीप, ना सोडत.

"ती अमेरिका आहे भाई," असं म्हणू नका. रहाटणीहून रोज हिंजवडीला जाता ना? हिंजवडी ग्रामपंचायतीत आहे. आपल्या कायद्यानं सरपंच लोक थेट निवडतात आणि ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. चाकण नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडला जातो. म्हणजे हिंजवडीच्या गावकऱ्याला जो हक्क आहे, चाकणच्या मतदाराला जो हक्क आहे, तो मधल्या लाखो मतदारांच्या महापालिकेत नाही. गाव शहाणं आणि शहर अडाणी, असं कोणत्या हिशेबानं ठरवलं?

पक्षाचं चिन्ह काढलं की पक्ष जातो, असं मी म्हणत नाही. सरपंच कोणाचा, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शिकागोत शेवटच्या फेरीतले दोघेही डेमोक्रॅटच होते. पण चिन्ह नसलं की उमेदवाराला स्वतःच्या नावावर मत मागावं लागतं, एवढं नक्की.

आपल्या मोहल्ल्यातला खरा आक्षेप वेगळा आहे. "थेट निवडणूक झाली तर मुसलमान कधी महापौर होईल का?" भीती खरी आहे, मी हसण्यावारी नेत नाही. पण आझम पानसरे या शहराचे महापौर होऊन गेले, सध्याच्याच पद्धतीनं. त्या खुर्चीत अधिकारच नसेल तर तिथं आपला माणूस बसल्याचा आनंद आपण किती दिवस पुरवायचा? याउलट, जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागली तर कोणत्याही उमेदवाराला आपली मतं फुकट घालवणं परवडणार नाही. त्याला नेहरूनगरला यावं लागेल, कुदळवाडीत यावं लागेल. मला "आपला" महापौर नको, आपल्याला उत्तर देणारा महापौर हवा.

आणि चार सदस्यांचा प्रभागही नको. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक आहे. आपल्याकडे चौघे. नाला तुंबला की हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो याच्याकडे. एवढ्या मोठ्या प्रभागात एखाद्या वस्तीचा आवाजही बुडून जातो.

यासाठी संविधान बदलावं लागत नाही. महापौर कसा निवडायचा हे ठरवायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे. म्हणून आपल्या आमदाराला लेखी विचारा: थेट महापौर, त्याला खरे अधिकार आणि एक सदस्याचा प्रभाग, यावर तुमची भूमिका काय? तोवर आपल्या चारही नगरसेवकांकडे क्षेत्रसभा मागा. तिची तरतूद कायद्यात आहे, मागणारे नाहीत. जुम्म्यानंतर मशिदीबाहेर आपण अर्धा तास गप्पा मारतोच. त्यातली दहा मिनिटं या अर्जावर सह्या घ्यायला द्या.

ममदानींचं स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेलं. दिवसाआडचं पाणी गेलं नाही.