टेपचा शेवटचा रोल लागला, हे तुम्हाला कोण सांगतं?



खर्च कमी करायचा म्हटलं की नव्या उद्योजकाची पहिली कात्री कुठे चालते, माहितीये? चहावर. मग पेनांवर. मग भिंतीवर एक सूचना चिकटते, ‘कागद जपून वापरा’. ती सूचनासुद्धा कोऱ्या कागदावर छापलेली असते, पाठकोऱ्या नाही!

माझं मत जरा वेगळं आहे आणि काहींना ते पटणार नाही. छोट्या व्यवसायात सामानावर जो जादा पैसा जातो, तो वस्तू महाग आहेत म्हणून कमी जातो आणि वेळेवर न पोचलेल्या निरोपामुळे जास्त जातो. सामान म्हणजे इथे मी विकायचा माल म्हणत नाहीये. टेप, खोकी, कागद, टोनर, लेबलं, झाडू, फिनाईल, म्हणजे जे आपण विकत नाही पण ज्याच्यावाचून काम अडतं, ते सगळं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा मसाल्यांचा आणि लोणच्यांचा व्यवसाय आहे. चार माणसं कामाला आहेत, माल कुरिअरने जातो. शुक्रवारी दुपारी चार वाजता टेप संपली. पाच वाजता कुरिअरवाला येणार. आता पॅकिंगच्या ताईंना सकाळीच दिसलं होतं की शेवटचा रोल लागलाय. मग बोलल्या का नाहीत? कारण मागच्या वेळी बोलल्या तेव्हा उत्तर मिळालं होतं, “परवाच तर आणली ना? टेप खाता की काय तुम्ही लोक?” झालं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, संपेपर्यंत गप्प बसायचं. संपल्यावर सांगितलं तर निदान कुणी विचारत तरी नाही की खरंच लागतेय का.

आता या एका वाक्याची किंमत काढू. आकडे मी हिशोबापुरते धरतोय, तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला. घाऊक दुकानात ४० रुपयांना मिळणारा रोल कोपऱ्यावरच्या दुकानात ६० ला. दोन रोल घेतले, ४० रुपये जादा. स्कूटरचं पेट्रोल ३०. एक मुलगा आणायला गेला आणि दोघी जणी हात बांधून बसल्या, म्हणजे तीन माणसांची ४० मिनिटं, एकूण दोन तास. महिना १२,००० पगार, २६ दिवस, रोज आठ तास धरले तर तासाचे साधारण ५८ रुपये. दोन तासांचे ११५. एकूण गेले १८५. तुमचा निव्वळ नफा शेकडा दहा असेल, तर हे १८५ परत मिळवायला १,८५० रुपयांचा माल विकावा लागेल. आणि त्या दिवशी कुरिअर चुकलेल्या गिऱ्हाइकाचा फोन मी यात धरलेलाच नाही.

तुम्ही चहा बंद करून दिवसाला किती वाचवणार होतात, ते आता शेजारी लिहून बघा. चहाला हात लावू नका असं मी म्हणतो त्याचं दुसरंही एक कारण आहे. ‘लेबलं चिकटत नाहीयेत नीट’, ‘तो नवा सप्लायर मोजून कमी देतो’, या गोष्टी मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. चहाच्या वेळी बोलतात. ते दहा मिनिटं तुम्ही पण तिथे उभे राहा, फोन खिशात ठेवून.

तर पहिलं काम म्हणजे तुमची जीभ. कुणी येऊन म्हणालं की अमुक संपत आलंय, तर पहिलं वाक्य चौकशीचं नको. “बरं झालं आत्ताच सांगितलंत.” एवढंच. वापर खरंच जास्त होतोय अशी शंका असेल तर ती नंतर, एकट्यात, आणि आकडे हातात घेऊन. चारचौघांत उलटतपासणी झाली की त्या माणसाकडून पुढची खबर येत नाही, आणि दुसऱ्यांकडूनही येत नाही, कारण त्यांनीही ऐकलेलं असतं.

आता व्हॉट्सअॅप ग्रुप. तुम्ही म्हणाल, सर, आमचा ग्रुप आहे की, सगळे त्यावर टाकतात. हो, टाकतात. सकाळच्या शुभेच्छा, कुणाच्या वाढदिवसाचा केक, एक ऑर्डर, दोन फॉरवर्ड आणि त्यामध्ये कुठेतरी ‘टोनर संपत आलाय’. खाली तीन जणांचे अंगठे. त्या अंगठ्याचा अर्थ काय? ‘मी वाचलं’ की ‘मी मागवतो’? एकाला वाटतं दुसरा मागवेल. किंवा त्याच्या उलट होतं, दोघंही मागवतात आणि कपाटात वर्षभर पुरतील इतके स्टेपलचे डबे येऊन पडतात. निळी टिक म्हणजे ऑर्डर नव्हे. म्हणून माझा आग्रह आहे की सामानाचा निरोप ग्रुपवर नको, एका ठरलेल्या माणसाकडे. त्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत हवं. तो माणूस रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, हेही माहीत हवं. आणि त्याने उत्तर देताना नुसतं ओके न म्हणता ‘मागवलं, बुधवारी येईल’ असं द्यायचं.

नोंद मात्र वहीत. कपाटाच्या दाराला सुतळीने बांधलेली साधी दोनशे पानी वही. तारीख, वस्तू, किती काढलं, किती उरलं, कुणी काढलं. अॅप वाईट नाही, पण पॅकिंगच्या टेबलावर हाताला मसाला लागलेला असताना कुणी फोन उघडून एंट्री करत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आठवड्यातून एकदा वहीतले आकडे एक्सेलमध्ये चढवले तरी पुष्कळ.

किती उरलं की सांगायचं, हे माणसाच्या अंदाजावर सोडू नका. हिशोब सोपा आहे. रोज दोन रोल लागतात, सप्लायरकडून यायला तीन दिवस लागतात, म्हणजे सहा रोल. त्यावर दोन दिवसांची सोय म्हणून चार. दहा रोल उरले की मागवायचे. दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी वाढतात तेव्हा हाच आकडा पुन्हा काढायचा, जुन्यावर बसायचं नाही.

यातली माझी सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे दोन खोक्यांची. हे शेवटचे दहा रोल वेगळ्या खोक्यात बंद करून ठेवा आणि वर एक कार्ड चिकटवा. वस्तूचं नाव, किती मागवायचे, दुकानाचा नंबर, मागचा भाव. पहिलं खोकं संपून दुसरं उघडलं की कार्ड काढून खरेदी करणाऱ्याच्या टेबलावरच्या खिळ्याला लावायचं. झाला निरोप! कुणाला काही बोलावं लागत नाही, ओरडा खावा लागत नाही, विसरायचा प्रश्न नाही. ही काही माझी कल्पना नाही. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी उभी केलेली कार्डांची पद्धत, कानबान म्हणतात तिला, मुळात हेच करते. त्यांना ती सुचली अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून, गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच मांडणीत पुन्हा भरायचं. मोटारी बनवणाऱ्यांना जमलं, तर आपल्याला टेपच्या बाबतीत जमायला हरकत नाही.

इथपर्यंत झालं संपण्याचं. पण माझ्या मते त्याहून मोठी गळती आहे ती आणणारा आणि वापरणारा एकमेकांशी बोलत नाहीत त्याची. ही दिसत नाही, कारण बिल स्वस्त दिसतं.

खोक्यांचंच बघा. खरेदी करणाऱ्याला मोठ्या मापाची खोकी घाऊक भावात चांगली मिळाली, त्याने पाचशे उचलली. माप ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटर. आता कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि सर्रास ५,००० ने भागायची, काही कंपन्यांचा आकडा वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या. या खोक्याचे आले तीन किलो. आत माल दीड किलोच. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन, दोन्हीतलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. म्हणजे प्रत्येक पार्सलमागे तुम्ही दीड किलो हवा पाठवताय आणि तिचं भाडं भरताय! हाच माल ३० बाय २० बाय साडेबारामध्ये बसला असता तर दीडच किलो. पॅकिंगच्या ताईंना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, त्या रोज खोक्यात रद्दी कोंबत होत्या. त्यांना फक्त कुणी विचारलं नाही.

कागदाचंही तसंच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलात तर एकाच ए-फोर कागदाचे चार भाव ऐकू येतील. स्वस्त रिम आणली आणि तो प्रिंटरमध्ये अडकायला लागला, तर वाचलेले पैसे मेकॅनिक घेऊन जातो. एक खूण सांगून ठेवतो. ए-फोरचा एक कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यामुळे ७५ जीएसएमच्या पाचशे कागदांचं वजन सुमारे २ किलो ३४० ग्रॅम भरलं पाहिजे, ७० जीएसएमचं २ किलो १९० च्या आसपास. तुमच्याकडे मसाल्याचा काटा आहेच, रिम ठेवा त्यावर. फारच कमी भरली तर कागद तरी पातळ आहे नाहीतर कमी आहेत. आणि नवी रिम घ्यायच्या आधी जो रोज प्रिंट काढतो त्याला विचारा, मागची कशी चालली.

बिलाचा निरोप हा शेवटचा मुद्दा, पण पैसा त्यातही आहे. घाईत मुलगा टोनर आणायला जातो आणि दुकानदाराने दिलेली साधी चिठ्ठी घेऊन येतो. तुमची जीएसटी नोंदणी नियमित पद्धतीची असेल तर टोनरवरचा १८ टक्के कर तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळू शकतो. १,१८० च्या बिलात १८० रुपये. पण त्यासाठी तुमच्या फर्मच्या नावाचं, तुमचा जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल लागतं आणि दुकानदाराने ते त्याच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. कंपोझिशनमध्ये असाल तर हे क्रेडिट नाही, तरी बिल हवंच. मुलाला हे माहीत नसतं, कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं. किरकोळ खर्चाच्या पेटीत फर्मचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर छापलेली चार-पाच कार्डं ठेवा. पैसे काढताना एक कार्ड बरोबर. पेटीत सोमवारी ३,००० ठेवलेत, तर कुठल्याही क्षणी उरलेली रोकड आणि बिलं मिळून ३,००० च भरली पाहिजेत.

कुणी म्हणेल, आम्ही चौघंच आहोत, एवढं कशाला? चौघं आहात तेव्हाच बसवा. चौदा झाल्यावर प्रत्येकाची स्वतःची सवय झालेली असते आणि ती मोडायला भांडणं लागतात.

आणि मालकांनो, वहीचा नियम तुम्हालाही लागू. कपाटाची दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे म्हणून रोल उचलून चालू पडायचं नाही, तारीख आणि नाव लिहायचं. मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरी नेलेले रंगीत प्रिंटसुद्धा लिहायचे. तो खर्च घरचा आहे, फर्मच्या खात्यात टाकायचा नाही. पॅकिंगच्या ताई तुमची ती नोंद वाचतीलच. वाचू द्या.